लेण्यांचे प्रवेशशुल्क आणि चातुद्दिस संघ

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो अभ्यासकांच्या परिचयाचा असला, तरी त्यातील हिशेबाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० दरमहा शेकडा एक या दराने, तर १००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हे दान निगमसभेत ऐकविले गेले आणि फलकावर नोंदले गेले, असेही लेख सांगतो.

याच लेण्यांत आज तिकीट काढून प्रवेश करावा लागतो. तिकीट असावे की नसावे, हा माझा मुख्य प्रश्न नाही. दगड झिजतो, पाणी झिरपते, रक्षक नेमावे लागतात. विनयातही नवकम्माची, म्हणजे बांधकाम व डागडुजीची, स्वतंत्र व्यवस्था आहे. प्रश्न शुल्क कोणत्या तत्त्वावर ठरते आणि ते जाते कोठे, हा आहे.

आकडे पाहू. २०१६ पूर्वी जागतिक वारसा स्थळी, म्हणजे अजिंठा, वेरूळ, सांची येथे, भारतीयास १० रुपये व परदेशीयास २५० रुपये पडत. कान्हेरी, कार्ले यांसारख्या इतर सशुल्क स्मारकांत अनुक्रमे ५ व १००. एप्रिल २०१६ मध्ये हे दर ३० व ५००, तसेच १५ व २०० झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते ४० व ६००, तसेच २५ व ३०० झाले. परदेशीयांवरील बोजाची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. परंतु अवघ्या अडीच वर्षांत परदेशीयाचे शुल्क अडीच ते तीन पट झाले असताना भारतीयाचे चार ते पाच पट झाले, हे फारसे कोणी नोंदविले नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, हे योग्यच. मात्र २०१८ च्या दरांत रोखीशिवाय पैसे भरणाऱ्या भारतीयाला पाच रुपयांची सूट ठेवली गेली. म्हणजे हातात भ्रमणध्वनी असलेल्याला ३५ रुपये आणि कमरेच्या पिशवीतून नोट काढणाऱ्या आजीला ४० रुपये! ही सवलत ज्याने सुचविली, त्याने खेड्यातून ट्रकने लेण्यांवर येणारी उपासिका बहुधा कधी पाहिली नसावी.

परदेशीय कोण, याची व्याख्याही तपासण्याजोगी आहे. सार्क व बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू आहे. त्यामुळे श्रीलंका, म्यानमार व थायलंड येथील भिक्खू ४० रुपयांत अजिंठा पाहतो. त्याच थेरवाद परंपरेतील, तोच पातिमोक्ख म्हणणारा कंबोडियाचा अथवा लाओसचा भिक्खू ६०० रुपये भरतो. राजनैतिक करारांच्या दृष्टीने हे सुसंगत असेल; ज्यांनी ही लेणी दिली त्यांच्या दृष्टीने नाही. दानलेखांत ‘चातुद्दिस संघ’ हा शब्द पुन:पुन्हा येतो. पालि वाङ्मयात त्यास ‘आगतानागत’ अशी जोड आहे: आलेल्या आणि अजून न आलेल्या, चारही दिशांच्या संघास. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर तर धेनुकाकटाच्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. ज्या स्तंभांचा खर्च यवनांनी दिला, ते पाहण्यासाठी आजचा ग्रीक प्रवासी बारापट शुल्क देतो.

यावर काही धम्मबांधव म्हणतात, बौद्धांना सरसकट मोफत प्रवेश द्यावा. मला हे मान्य नाही. खिडकीवर बसलेला कर्मचारी बौद्ध कोण हे कशावरून ठरविणार? जातीचा दाखला मागून? ज्या दाखल्यांनी आपली निम्मी शतके गेली, तो लेण्याच्या दारीही दाखवावयाचा काय?

खरा दोष अन्यत्र आहे. स्मारकावर जमा होणारे शुल्क त्या स्मारकाचे राहत नाही. ते भारताच्या एकत्रित निधीत जाते, आणि देखभालीचा पैसा अर्थसंकल्पातून वेगळा येतो. परिणामी कान्हेरीच्या तिकिटाचा कान्हेरीच्या छताशी काहीही संबंध उरत नाही. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात विहार व त्याची भूमी ही ‘अविस्सज्जिय’, कोणासही देऊन न टाकण्याजोगी, ठरविली आहे. कीटागिरीच्या भिक्खूंनी ती आपसांत वाटली, तेव्हा ती ‘अवेभंगिय’ असल्याचे सांगावे लागले. विहाराचे ते विहाराचेच, ही त्यामागील दृष्टी. उषवदाताच्या लेखात रक्कम, दर, श्रेणी, लाभार्थी, सारे नावानिशी आहे. आपल्या तिकिटावर फक्त किंमत आहे.

कान्हेरीची गोष्ट आणखी विचित्र. ती बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असल्याने वनखात्याच्या प्रवेशद्वारी एक शुल्क आणि लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचे दुसरे. मधले काही किलोमीटरचे अंतर चालावे अथवा वाहनाचे भाडे वेगळे द्यावे. ज्याला वाघ-बिबटे पाहावयाचे नाहीत, केवळ तिसऱ्या लेण्यातील स्तूपास वंदन करावयाचे आहे, त्याच्याकडून उद्यानाचे शुल्क कोणत्या सेवेसाठी घेतले जाते?

विशिष्ट प्रसंगी शुल्क माफ करण्याचा अधिकार १९५९ च्या नियमांनी महासंचालकांना दिलेला आहे, आणि ताजमहालात शहाजहानच्या उरुसाच्या काळात प्रवेश नि:शुल्क असतो. त्याच अधिकारात वैशाख पौर्णिमा व धम्मचक्र प्रवर्तन दिन सर्व बौद्ध लेण्यांत, सर्व धर्मांच्या व सर्व देशांच्या लोकांसाठी, कायमचे नि:शुल्क करता येतील. कान्हेरीसाठी मात्र वनखात्याचीही संमती लागेल. एका खात्याने दार उघडले आणि दुसऱ्याने सहा किलोमीटर अलीकडे फाटकावर पावती फाडली, तर त्या आदेशाचा उपयोग नाही. आणि प्रत्येक लेण्याच्या दारी वर्षाची जमा व त्या लेण्यावरील खर्च फलकावर लिहावा. नाशिकला तशी पद्धत होती.