कर्णाश्मांवरून लुप्त मत्स्यजातींची निश्चिती : घोड-भीमा खोऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

माशाच्या अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे खड्यासारखे लहान घटक असतात. त्यांना कर्णाश्म (ओटोलिथ) असे म्हणतात. शरीराचा तोल आणि ध्वनीची जाणीव यांच्याशी त्यांचे कार्य निगडित आहे. अस्थिमत्स्यांमध्ये कर्णाश्मांच्या सॅजिटा, लॅपिलस आणि अ‍ॅस्टेरिस्कस अशा तीन जोड्या आढळतात. मासा मेल्यानंतर त्याचे मांस कुजते, हाडे विखुरतात. परंतु अनुकूल गाळात कर्णाश्म लक्षावधी वर्षे टिकून राहू शकतो. त्याची बाह्यरेषा, कडा आणि पृष्ठभागावरील खाच यांत जातीनुसार भेद असल्यामुळे लुप्त माशांच्या अभ्यासात त्याला महत्त्व प्राप्त झाले. एर्न्स्ट कोकेन यांनी १८८४ मध्ये उत्तर जर्मनीतील ऑलिगोसीन थरांमधील कर्णाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध करून या शाखेचा पाया घातला. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा करून शिरूर व दौंड तालुक्यांतील नद्यांच्या संदर्भात ती कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार केला आहे.

पद्धतीचा तर्क आणि त्याची सीमा

ही पद्धत मूलतः तुलनेवर उभी आहे. जीवाश्मरूपातील कर्णाश्म आजच्या माशांच्या कर्णाश्मांशेजारी ठेवून त्याचे कुल, वंश आणि शक्य झाल्यास जात ठरवली जाते. सांगाड्याच्या कवटीतच कर्णाश्म सापडला तर तो निर्णायक पुरावा ठरतो. पण असे जीवाश्म दुर्मीळ आहेत. त्यामुळे सुट्या कर्णाश्माला दिलेले नाव हे मुख्यतः साम्यावर आधारलेले अनुमान असते, ही गोष्ट विसरता येत नाही.

दख्खनच्या लाव्हाथरांदरम्यानच्या गाळातील कर्णाश्मांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. रंगापूर (तेलंगणा) येथील गोड्या पाण्यातील माशांचे कर्णाश्म आर. एस. राणा यांनी १९८८ मध्ये वर्णिले. पुढे २००८ मध्ये डर्क नोल्फ, राणा आणि जी. व्ही. आर. प्रसाद यांनी लाव्हाथरांदरम्यानच्या या कर्णाश्मांची फेरतपासणी केली. वंशाविषयी खात्री नसेल तेथे केवळ कुलाच्या नावावर आधारित, अवतरणचिन्हांत लिहिलेले नाव वापरण्याची प्रथा या परंपरेत आहे. वरवर पाहता हा अपुरेपणा वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र हेच या शाखेचे सर्वांत मोठे बळ आहे. पुरावा जेथे थांबतो तेथे नावानेही थांबावे, ही शिस्त त्यात दिसते.

नदीतील माशांची अडचण

कर्णाश्मशास्त्रातील बहुतेक निकष सॅजिटावर आणि तिच्यावरील खाचेवर आधारलेले आहेत. सागरी थरांमधील माशांसाठी ते समर्पक ठरतात. घोड आणि भीमेत मात्र प्राबल्य आहे ते कार्पवर्गीय आणि शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांचे. या दोन्ही गटांत सॅजिटा बारीक व नाजूक असून ती गाळात टिकणे कठीण असते. कार्पवर्गीयांत अ‍ॅस्टेरिस्कस, तर मिशाळ माशांत लॅपिलस हा मोठा कर्णाश्म असतो. परिणामी सागरी माशांसाठी तयार झालेले निकष जसेच्या तसे येथे लावल्यास खोऱ्यातील प्रमुख माशांचीच नोंद निसटेल आणि मरळीसारख्या माशांचे प्रमाण कृत्रिमरीत्या फुगलेले दिसेल. ही त्रुटी अभ्यासाच्या साधनातून येते. तिला प्राचीन नदीचे वास्तव समजणे ही गंभीर चूक ठरेल.

तुलनेचा आधार किती पक्का?

तुलना ज्यांच्याशी करायची त्या आजच्या माशांची ओळख तरी निर्विवाद आहे काय? कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतील अनेक माशांचे वर्णन केले व कित्येकांना स्थानिक मराठी नावांवरून शास्त्रीय नावे दिली. त्यांतील 'मुसल्ला' हा मासा शिरूरजवळच्या घोड नदीतील, तर 'रोहटी' हा दौंडच्या खालच्या अंगाला भीमाकाठी असलेल्या पेडगावचा. साइक्स यांचे मूळ नमुने मात्र आज उपलब्ध नाहीत. मुसल्ला हा महसीर की अन्य वंशातील मासा, हा घोळ दीर्घकाळ चालला. अखेर २०१३ मध्ये कृष्णा खोऱ्यातील नमुना नवा प्रमाण-नमुना म्हणून निश्चित करून तो हिप्सेलोबार्बस वंशात स्थिर करण्यात आला. जिवंत माशाचे नाव ठरण्यास पावणेदोनशे वर्षे लागतात, तर एका सुट्या खड्यावरून लुप्त जात जाहीर करताना किती सावधगिरी हवी, हे यावरून स्पष्ट व्हावे.

स्थानिक शक्यता

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा तो महत्त्वाचा पुरावा आहे. अशा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतील मत्स्यावशेष बहुधा आजही अस्तित्वात असलेल्या जातींचे असणार. त्यांना भूशास्त्रीय अर्थाने लुप्त म्हणता येणार नाही. तथापि 'या नदीतून केव्हा नाहीशी झाली' हा प्रश्न त्यांच्याविषयी विचारता येतो आणि तो कमी मोलाचा नाही. त्यासाठी माती बारीक जाळीच्या चाळणीने धुऊन चाळणे अत्यावश्यक आहे. अन्यथा काही मिलिमीटरचे कर्णाश्म मातीबरोबरच फेकले जातात.

समारोप

कर्णाश्मांवरून जातिनिश्चिती ही विश्वसनीय पद्धत आहे, मात्र तिची विश्वसनीयता तुलनासंग्रहाइतकीच असते. उजनी जलाशयामुळे भीमेचे स्वरूप पालटले असून चिलापीसारखा परका मासा तेथे स्थिरावला आहे. देशी मासे दुर्मीळ होत गेले, तर तुलनेचा आधारच नाहीसा होईल आणि मग जुन्या गाळातील खडा हाती येऊनही त्याला नाव देता येणार नाही. बाजारात माशाचे डोके अनेकदा टाकून दिले जाते. शिरूर व दौंड परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी अशा डोक्यांतून तिन्ही जोड्यांचे कर्णाश्म काढून, माशाची लांबी, ठिकाण, दिनांक आणि कोळी बांधवांनी सांगितलेले स्थानिक नाव यांसह जतन करावेत. या कामास मोठा निधी लागत नाही. सातत्य मात्र लागते. लुप्त माशांचा अभ्यास आज जिवंत असलेल्या माशांच्या काळजीपूर्वक नोंदीपासूनच सुरू होतो, असा निष्कर्ष येथे मांडावासा वाटतो.