मिस्सेतील प्रश्न

तरुण सैनिकासाठी मिस्सा अर्पण केली म्हणजे त्याच्या मृत्यूचा प्रश्न मिटतो काय? बेंजामिन ब्रिटन यांची ‘वॉर रेक्विएम’ ही संगीतरचना आम्हांस मोलाची वाटते ती याच प्रश्नामुळे. १९४० च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्री कथीड्रलशेजारी नवे कथीड्रल उभे राहिले; तेथे १९६२ साली ती प्रथम सादर झाली. मृतांसाठीच्या लॅटिन मिस्सेत ब्रिटन यांनी विल्फ्रेड ओवेन या सैनिक-कवीच्या नऊ कविता गुंफल्या आहेत. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, अवघ्या पंचवीस वर्षांचा असताना, फ्रान्समध्ये धारातीर्थी पडला. आठवड्याने युद्ध थांबले.

अर्पणविधीच्या लॅटिन गीतात अब्राहामाला दिलेल्या अभिवचनाचे स्मरण आहे. ओवेनचा अब्राहाम मात्र तेथेच देवदूताचे ऐकत नाही. स्वतःचा अहंकार सोडण्याऐवजी तो पुत्राचाच वध करतो. हा पवित्र शास्त्राचा विपर्यास होय, असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात देव पुत्राला वाचवतो. ओवेन बोट दाखवतो ते देवाची वाणी डावलणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे. मृतासाठी चिरशांती मागणाऱ्या ओठांनी त्याला बळी कोणी दिले हेही विचारावे, आणि ते वेदीसमोरच विचारावे, हे या रचनेचे खरे सामर्थ्य आहे.