पितळी सुरांचे ऋण

हिंदी चित्रपटांतील जॅझची गोष्ट निघाली, की आमचे टीकाकार ‘उसनवारी’ म्हणून मोकळे होतात. चाल पाश्चात्त्य वळणाची, तेव्हा ती परकी, असा हा निकाल. वाजवणारे कोण होते, याची चौकशी मात्र होत नाही.

गोव्यातील हळदोणे येथे १९१६ साली जन्मलेला आंतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागला. १९४०नंतरच्या दशकात त्याचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात नावारूपाला आला. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले असे अनेक गोवेकर वादक चित्रपटांत आले. संगीतकाराने गुणगुणलेली चाल वीसतीस वाद्यांसाठी कागदावर मांडण्याची विद्या त्यांच्यापाशी होती.

सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून घेतले. १९५१च्या ‘अलबेला’त तर त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्या गाण्यांतून पितळी वाद्ये काढून घेतली, तर भगवानचे पाऊलच अडखळेल. पुणतांब्याची चाल आणि हळदोण्याचा ट्रंपेट, यांत परके ते कोण?

चिक चॉकलेट १९६७ साली वारला. संगीतकाराचे नाव घरोघर राहिले, बँडचे विरले. आमच्या अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२च्या लेखात मांवाणी राजाचे नाव आहे. दगड घडवणारे हात अनामच राहिले. त्यांची नावे आता कोठून आणणार? वादकांची मात्र अजून सापडतात. ती लिहून ठेवणे हे टीकेचे पहिले काम आहे, निवाडा त्यानंतर.