अस्सल की बखर? : जुन्या लष्करी वाहनांच्या व युद्धवस्तूंच्या संग्रहछंदाची चिकित्सा

प्रस्तावना

जुनी लष्करी वाहने मिळवून ती पुन्हा चालती करणे आणि पदके, गणवेश, दारूगोळ्याच्या पेट्या अशा युद्धकालीन वस्तू जमवणे हा छंद आपल्याकडे मुख्यतः हौशी व्यक्तींनी जोपासला आहे. अभ्यासकांनी त्याकडे श्रीमंतांची हौस म्हणून पाहिले, तर हौशी मंडळींनी अभ्यासकांची फारशी गरज मानली नाही. या दुराव्यात नुकसान होते ते वस्तूंचे. प्रस्तुत लेखात या छंदाचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठीचा निकष बाहेरून आणण्याचे कारण नाही, तो खानदेशातच उपलब्ध आहे.

राजवाडे यांचा निकष

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या १८९८ मधील पहिल्या खंडात त्यांनी १७५० ते १७६१ या काळातील पत्रे प्रसिद्ध केली आणि बखरींच्या तुलनेत अस्सल समकालीन पत्राचे महत्त्व ठामपणे मांडले. बखर रचणाऱ्याला गोष्ट रंगवायची असते, तर पत्र लिहिणाऱ्याला त्या दिवसाचे काम उरकायचे असते. पत्राची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते ती यामुळेच. शिवाय कागद कोणाचा, कोणत्या काळचा आणि कोणत्या दप्तरातला हे ठाऊक नसेल, तर त्याचे मोल घटते.

हाच निकष वाहनाला लावता येतो. जुने वाहन हेही एक साधन आहे. प्रश्न एवढाच की, जीर्णोद्धारानंतर ते अस्सल पत्र राहते की त्याची बखर होते?

जीप : रंगाखालचा पुरावा

दुसऱ्या महायुद्धात विलीज व फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. फोर्डने आपल्या अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. युद्धकालीन जीपच्या पुढील पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असत, नागरी जीपच्या जाळीत सात. महिंद्र कंपनीने परवान्याखाली भारतात बनवलेली ‘सीजे-थ्री-बी’ ही उंच बॉनेटची जीप या सात फटींच्या कुळातली होय. म्हणजे जाणत्या माणसाला गाडीची वंशावळ गाडीवरच वाचता येते.

अशा सात फटींच्या गाडीला लष्करी हिरवा रंग देऊन बॉनेटवर पांढरा तारा काढला की ती ‘महायुद्धातील जीप’ म्हणून मिरवू शकते. येथे इतिहासाची दुहेरी हानी होते. जे नव्हते ते दाखवले जाते आणि जे होते ते पुसले जाते. भारतीय जीपला स्वतःचा लष्करी इतिहास आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तर येथे अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाडे टिपले ते जीपवर बसवलेल्या तोफेनेच. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. भारतीय लष्करी वाहनाच्या क्रमांकात बाणाचे चिन्ह असते आणि त्यानंतरचे दोन अंक वर्ष सांगतात. वाहन लष्कराबाहेर विकले गेले की तो क्रमांक जातो. मग लिलावाचे कागद आणि जुन्या रंगाखालची अक्षरे एवढाच पुरावा उरतो. पत्रा घासून काढणारा कारागीर एका दुपारी तो पुरावा नष्ट करू शकतो. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. हे कृत्य त्याच जातीचे आहे.

याचा अर्थ वाहन गंजत ठेवावे असा नाही. बंद पडलेले यंत्र अर्धे मुके असते, ते चालते करणाऱ्या मेकॅनिकचे ज्ञान हेही एक साधन आहे. मात्र १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत घालून दिलेली मर्यादा येथेही पाळावी : जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा आणि नवा भाग नवा म्हणून ओळखता यावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनीही पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदताना सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट घातली आहे. पण हे नियम दुचाकी व चारचाकी वाहनांपुरते आहेत.

रणगाडा आणि विक्रांत

अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून पॅटन व विजयंतापर्यंतची परंपरा तेथे एकत्र पाहता येते, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु रणगाड्यांविषयी सामान्यतः जी माहिती दिली जाते ती वजन, वेग व तोफेचा व्यास अशी असते. ती जातीची माहिती झाली, व्यक्तीची नव्हे. हाच रणगाडा कोठे लढला, आत कोण होते, तो कसा हाती आला, ही त्याची खरी कुळकथा होय.

वस्तूच गेली तर काय उरते, हे विक्रांतने दाखवले. १९६१ मध्ये भारतीय नौदलात आलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये तिची मोडणी सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या धातूचा अंश घेऊन बजाजने मोटारसायकल बाजारात आणली. विभूतीप्रमाणे धातूचा अंश घरोघरी गेला, पण त्यावरून नौकेचा इतिहास वाचता येत नाही. अस्सल पत्र गेले आणि बखरही न लिहिता केवळ नाव उरले.

खानदेशापुढील प्रश्न

जळगाव जिल्ह्यात भुसावळ (१९४९) व वरणगाव (१९६४) येथे आयुधनिर्माणी आहेत. वरणगावला काडतुसे बनतात, भुसावळला दारूगोळ्याच्या पेट्या. म्हणजे येथील युद्धस्मृती केवळ सैनिकांची नाही, कामगारांचीही आहे. संग्राहकांच्या यादीत रिकामी पेटी असते, पण ती ठोकणाऱ्या हातांची नोंद नसते.

पदकांची स्थिती याहून नाजूक आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदक चांदीचे असून त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असे. हौसेने वारंवार घासले तर ते नाव झिजते. जळगावच्या प्रसिद्ध सराफ्यात ते तराजूवर चढले, तर त्याला चांदीच्या वजनापलीकडे मोल नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना मिळते. दुसऱ्या महायुद्धातील वस्तू आज त्या कक्षेबाहेर आहेत. त्यांचे रक्षण व्यक्तींच्या विवेकावरच अवलंबून आहे.

निष्कर्ष

संग्राहकांनी वस्तू वाचवल्या, ही त्यांची सेवा नाकारता येणार नाही. त्यांची उणीव नोंदीची आहे. प्रत्येक वस्तूसोबत ती कोठे व कोणाकडून मिळाली, कामापूर्वी कशी दिसत होती, कोणते भाग बदलले आणि काम कोणी केले, एवढे एका पानाचे टिपण असले तरी ती साधन म्हणून टिकेल. हे टिपण करणे संग्राहकाला एकट्याने जमेलच असे नाही. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम हाती घ्यावे. त्यांनी आयुधनिर्माणींतील निवृत्त कामगार, माजी सैनिकांची कुटुंबे आणि जुनी गॅरेजे यांच्याकडे जावे. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव फिरले, कारण कागद वाळवीच्या तोंडी जात होते. गंज वाळवीपेक्षा संथ असतो, पण पॉलिशपेपर आणि रंगाचा फवारा वाळवीहून वेगवान आहेत.