सोवळे, कृपा आणि हसरे स्वत्व : ‘स्मृतिचित्रे’तील ‘मी’चा विचार

मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी जे थोडेफार समीक्षालेखन झाले आहे, त्यात दोन प्रवृत्ती ठळकपणे दिसतात. पहिली धर्मांतराकडे केवळ सामाजिक घटना म्हणून पाहते. धर्मांतरित व्यक्तीने काय सोडले, याची ती नोंद घेते. दुसरी या साहित्याला भक्तिपरंपरेचा विस्तार मानून आपलेसे करते. धर्मांतरित व्यक्तीने काय सोडले नाही, याकडे तिचे लक्ष असते. या दोन्ही वाटांनी जाताना एक प्रश्न हातून निसटतो. ईश्वराची प्रीती बिनशर्त आहे, ती पात्रतेने मिळवावी लागत नाही आणि अपात्रतेमुळे गमावतही नाही, ही श्रद्धा ज्या व्यक्तीने मनोमन स्वीकारली, तिच्या ‘मी’चे नेमके काय होते? हा प्रश्न वरवर ईश्वरशास्त्राचा वाटला, तरी आत्मचरित्राच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. आत्मचरित्र हा ‘मी’ घडविण्याचाच वाङ्मयप्रकार आहे. आणि आपल्याकडे या प्रश्नाला सर्वांत समृद्ध उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने दिले आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम संकल्पनेचा विचार करू. स्वीडिश ईश्वरशास्त्रज्ञ आंदेर्स नीग्रेन यांनी १९३० आणि १९३६ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ‘आगापे आणि इरोस’ या ग्रंथात प्रेमाच्या दोन प्रकारांमध्ये कठोर भेद केला. इरोस हे मूल्याकडे ओढले जाणारे प्रेम, तर आगापे हे निर्हेतुक. त्याला समोरच्यात मूल्य सापडत नाही, ते मूल्य निर्माण करते. ही मांडणी प्रभावी आहे, पण तिची एक अडचण आहे. माणसाचे सारे मूल्य जर त्याच्यावर झालेल्या प्रेमातूनच येत असेल, तर प्रेमापूर्वीच्या माणसाचे काय? नीग्रेन यांच्या मांडणीत माणूस अखेर ईश्वरी प्रीती वाहून नेणारी नळी ठरतो. नळीला स्वतःचा इतिहास नसतो, माहेर नसते, खोडी नसतात. बिनशर्त प्रेमाचे हे चित्र खरे मानले, तर त्याचा पहिला बळी व्यक्तित्वच होय.

मराठीत या अडचणीला आणखी एक पदर आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेव्हापासून ख्रिस्ती आशय मराठीत आणताना शब्दांचा प्रश्न सतत उभा राहिला आहे. मराठी बायबलने ‘प्रीती’ आणि ‘कृपा’ हे शब्द निवडले. घरात मात्र आपण ‘माया’ म्हणतो. हाच शब्द वेदान्तात त्याज्य भ्रमासाठी आणि माजघरात आईच्या जिव्हाळ्यासाठी वापरला जातो. शिवाय बिनशर्त कृपेची कल्पना मराठी मनाला नवी नव्हती. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी परंपरेत लेकराची पात्रता विचारली जात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे सांगितले, त्याला हाच आधार होता. मग नवे काय होते? नवे होते ते या कल्पनेचे क्षेत्र. देवळात आणि कीर्तनात जी माया पात्रता विचारत नव्हती, ती पंगतीत, पाणवठ्यावर आणि विवाहसंबंधांत अटींसह वावरत होती. मराठी संदर्भात ‘बिनशर्त’ या शब्दाचा खरा विरुद्धार्थी शब्द ‘सोवळे’ हाच आहे. सोवळे ही अटींची व्यवस्था आहे. तेथे माणसाचे स्थान क्षणोक्षणी सिद्ध करावे लागते आणि एका स्पर्शाने ते गमावता येते.

‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात याच जागेवरून होते, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा असा काही आश्रय घेतला, की मिठासारखी वस्तूही धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. हा तपशील वाचक हसत हसत वाचतो. पण त्याची रचना पाहिली तर ती भयाची आहे. जग आपल्याला केव्हाही नष्ट करू शकते, या भयाला दिलेले उत्तर म्हणजे ते धुणे. अटी पाळल्या तर आपण सुरक्षित राहू, ही त्यामागची श्रद्धा. मीठ धुतले की विरघळते, ही त्या श्रद्धेची शोकांतिका. आणि लक्ष्मीबाई ती विनोदाच्या अंगाने सांगतात.

पुढे १८८० च्या सुमारास, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले आणि मनकर्णिका गोखले यांच्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. हा मुद्दा नोंदविण्यासारखा आहे. या स्त्रीचे नाव बदलले ते विवाहाने. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मात्र एका हिंदू देवतेचे हे नाव तसेच राहिले. ओळख पुसण्याचा आरोप आपण सहजपणे ज्या संस्काराकडे वळवितो, त्याने येथे नावाला हात लावला नाही. ज्याला आपण मंगल मानतो, त्याने नाव मुळापासून बदलले.

अर्थात या कथेत बिनशर्त प्रीतीची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासाठी तो ईश्वरी प्रेमाचा स्वीकार होता. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्याच घटनेने परित्यक्तेचे जिणे आले. पुढची काही वर्षे लहान मुलाला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. ईश्वराची प्रीती सर्वांसाठी आहे, असे मानणाऱ्या पुरुषाचा निर्णय पत्नीला विश्वासात न घेता झालेला असतो, ही विसंगती ‘स्मृतिचित्रे’त झाकलेली नाही. ती पतीवरील आरोपपत्र म्हणूनही मांडलेली नाही. टिळकांचा लहरीपणा, त्यांचे अकस्मात घर सोडून जाणे, हातातला पैसा कोणालाही देऊन टाकणे, या सर्वांबरोबर तीही गोष्ट सांगितली जाते. बिनशर्त प्रेमाचा सिद्धान्त सांगणे सोपे, त्याच्या शेजारी संसार करणे कठीण, हा या पुस्तकाचा एक अबोल विचार आहे.

लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. तत्कालीन अहमदनगरात त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले, सोवळे चालू ठेवले. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. पतीच्या दृष्टीने जो भ्रम होता, तो पत्नीला त्याच घरात पाळता आला; संसारात बिनशर्त प्रीतीचे हे पहिले मूर्त रूप म्हणावे लागेल. पुढे एका प्रवासात विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या लक्षात आले, की जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाचा आहे. आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, असा त्यांनी निश्चय केला. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, हे महत्त्वाचे. त्यांच्या बाबतीत कृपेचा साक्षात्कार प्रथम ताटात आणि पाण्याच्या भांड्यात झाला, विधी नंतर आला. वडिलांनी ज्या गोष्टी धुतल्या, त्याच गोष्टींवर मुलीच्या धर्मजीवनाची दिशा ठरली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाबा’पासून धर्मांतराच्या आत्मकथनाला एक ठाशीव आकार मिळाला आहे. पूर्वीचा मी आणि आताचा मी यांच्यात दरी असते. निवेदक नव्या काठावर उभा राहून जुन्या काठाचा निषेध करतो. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र याच वळणाचे आहे. अंधारातून उजेडाकडे ही रूपकाची दिशा त्याच्या नावातच आहे. तेथील ‘मी’ युक्तिवादाने स्वतःला सिद्ध करीत जातो. त्याची प्रामाणिकता निःसंशय आहे. पण सिद्ध करीत राहण्याची गरज उरते, याचाच अर्थ कुठेतरी अट शिल्लक आहे. पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून सूक्ष्म आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत असे म्हटले आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त १८९१ च्या सुमारास भेटला. मधली आठ वर्षे म्हणजे अटी मान्य करूनही बिनशर्तता न लाभल्याचा काळ. धर्मांतर आणि कृपानुभव या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्यांनी स्वच्छपणे पाहिले.

लक्ष्मीबाई या दोघांपेक्षा निराळ्या मार्गाने जातात. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’तील निवेदिका साठी ओलांडलेली, तीन दशकांहून अधिक काळ ख्रिस्ती म्हणून जगलेली स्त्री आहे. जुन्या आयुष्याचा निषेध करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. तो ती वापरत नाही. सोवळे पाळणारी, भोळी, हट्टी, फसणारी मनू किंवा लक्ष्मी तिला परकी वाटत नाही. ती तिच्याकडे पाहून हसते आणि त्या हसण्यात माया असते. हा विनोद आजवर लेखिकेचा स्वभावविशेष म्हणून वाखाणला गेला. तो तसा आहेच. पण त्याला रचनेचे मूल्यही आहे. ज्याला आपली पात्रता सिद्ध करायची असते, त्याला स्वतःवर हसणे परवडत नाही. त्याच्या जमाखर्चात ती नोंद तोट्याची होते. स्वीकार आधीच झालेला आहे, असा विश्वास असेल तरच माणूस आपल्या फजितीच्या गोष्टी इतक्या निर्धास्तपणे सांगू शकतो. म्हणून ‘स्मृतिचित्रे’तील विनोद हे कृपेचे वाङ्मयीन रूप आहे, असे माझे प्रतिपादन आहे. येथे ईश्वरशास्त्राची परिभाषा जवळजवळ नाही. त्याचा परिणाम मात्र वाक्यावाक्यात आहे. नीग्रेन यांच्या नळीला हे उत्तर आहे: बिनशर्त प्रेमाने जुने स्वत्व नष्ट झाले नाही, स्वत्वाच्या रक्षणाची धास्ती नष्ट झाली.

या प्रतिपादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जुन्या ‘मी’कडे मायेने पाहून हसणे लक्ष्मीबाईंना शक्य झाले, कारण तो ‘मी’ ब्राह्मण घरातला होता; त्याने जाच दिला, तसा मानही दिला. मराठी ख्रिस्ती समाजातील फार मोठा वर्ग महार-मांग वस्त्यांमधून आला. ज्यांची जुनी ओळख इतरांनी लादलेला कलंक होती, त्यांनी ती हसत जपावी, अशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. त्यांच्यासाठी बिनशर्त प्रीतीचा अर्थ ‘तू होतास तसाच ये’ एवढाच राहत नाही; ‘तुला जे म्हटले गेले, ते तू कधीच नव्हतास’ असाही होतो. या अनुभवाची आत्मकथने आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच दिसतात. उलट, अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. चर्चमध्ये जात टिकली आणि शासनाने ती नाही असे मानले. बिनशर्तता अशी दोन्हीकडून अटींत सापडली.

नाशिकचे शरणपूर या बाबतीत एक वेगळी आठवण देते. अंबडहून शहराकडे येताना आज ते एका गजबजलेल्या रस्त्याचे नाव म्हणून भेटते. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या या गावात गुलामीतून सोडविलेली आफ्रिकी मुले आश्रयाला आणली गेली. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंगस्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला पोहोचला. इतिहासात तो या इंग्रजी नावानेच उरला. शरण दिले गेले, ते खरे होते. पण शरणाबरोबर नावही दिले गेले. लक्ष्मीबाईंचे नाव राहिले आणि जेकबचे गेले, या दोन टोकांमध्ये बिनशर्त प्रीती आणि तिची संस्था यांचा सगळा ताण सामावलेला आहे.

टिळकांना हा ताण अखेरीस जाणवला असावा. १९१७ साली ते मिशनच्या सेवेतून मुक्त झाले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे जागा होती. ज्या विधीसाठी त्यांनी संसार पणाला लावला होता, तो विधीही प्रवेशाची अट होऊ नये, असे त्यांना वाटले. दोनच वर्षांनी, १९१९ साली, त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. सुरुवातीचे थोडे अध्याय सोडता ते महाकाव्य त्यांचेच आहे. ते १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा खानेसुमारीच्या रकान्यांत अडकते: कोणत्या रकान्यातून माणूस गेला आणि कोणत्या रकान्यात आला. ‘स्मृतिचित्रे’ या भाषेत वाचता येत नाही. तिच्यातील ‘मी’ एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना आपले माहेर, आपली बोली आणि आपल्या चुका बरोबर घेऊन जाते, आणि त्यांतले काहीही लपवावेसे तिला वाटत नाही. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासाने यापुढे धर्मांतरित लेखकाला ‘काय सोडलेत?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘काय लपवावेसे वाटेनासे झाले?’ हा प्रश्न त्याला विचारला पाहिजे.