‘प्रकाशयोजना पूरक’ : एका जुन्या डिमरच्या निमित्ताने

मराठी नाटकाचं कुठलंही परीक्षण घ्या आणि थेट शेवटाकडे जा. ‘नेपथ्य, संगीत व प्रकाशयोजना पूरक’ हे वाक्य तिथे बहुधा असतंच. मीसुद्धा ते लिहिलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. कोकणातल्या छोट्या रंगमंचांवरचा प्रकाश हा पीएचडीचा विषय घेतल्यावर मात्र त्या वाक्याची मला लाज वाटायला लागली. प्रकाश चांगला कशाला म्हणायचं, हे आपण समीक्षक कधी सांगतच नाही. मग सभागृहाच्या कमिटीने तरी ते कुठून ओळखावं?

हे डोक्यात आलं ते कट्ट्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कट्टा म्हणजे मालवण तालुक्यातली मालवण-कसाल रस्त्यावरची बाजारपेठ. तिथून जवळच एका संस्थेचं बहुउद्देशीय सभागृह आहे. नाव लिहीत नाही, कारण अशी सभागृहं जिल्ह्यात बरीच आहेत आणि गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, आरोग्य शिबिर, डबलबारी, एकांकिका आणि पावसात दशावतार, सगळं एकाच छपराखाली. रंगमंचाच्या विंगेत सहा-सहा चॅनलचे दोन डिमर पॅक भिंतीला ठोकलेले. बारापैकी सात चॅनल चालतात. कमिटीसमोर प्रस्ताव होता : जुनं सगळं भंगारात, नवीन एलईडी पार बसवायचे, वीज वाचेल.

एका सदस्यांनी मला विचारलं, “तू पीएचडी करतंस मां, मग सांग काय ता.” मी दोन पानी पत्र लिहिलं. जुनं सगळं ठेवा, हा आपला वारसा आहे वगैरे. ते पत्र अर्धं चुकलं होतं. ही पोस्ट त्या चुकलेल्या अर्ध्याबद्दल आहे आणि न चुकलेल्या अर्ध्याबद्दलही.

आधी डिमर म्हणजे काय, थोडक्यात

दिवा कमी-जास्त करायचा तर त्याला मिळणारी वीज कमी-जास्त करायला हवी. पूर्वी हे काम मिठाच्या पाण्याने व्हायचं. भांड्यात खारं पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. पट्ट्या जवळ आणल्या की प्रकाश वाढतो, लांब नेल्या की कमी. मग तारेच्या वेटोळ्यांचे रोधक आले. ते नको असलेल्या विजेची उष्णता करून टाकायचे. त्यानंतर ज्याला आपल्याकडे सगळे ‘डिमरस्टॅट’ म्हणतात तो गोल मुठीचा ट्रान्सफॉर्मर. १९५७ साली अमेरिकेत थायरिस्टर तयार झाला आणि पुढच्या दशकात तो नाट्यगृहांत शिरला. आपल्या सभागृहातले पॅक याच जातीचे.

थायरिस्टर वीज अडवून धरत नाही, कापतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे १०० अर्धलहरी. प्रत्येक अर्धलहरीत थायरिस्टर थोडा वेळ थांबतो आणि मग एकदम दार उघडतो. जितका उशीर, तितका दिवा मंद. हे दार फटकन उघडल्यामुळे दिव्यातली तार गुणगुणते, ध्वनिव्यवस्थेत घरघर येते. ती कमी करायला पॅकमध्ये जाडजूड चोक असतो. जुने पॅक इतके जड का, त्याचं उत्तर बरंचसं या चोकमध्ये आहे.

या यंत्राला काम करायला पुरेसा भार लागतो. हजार वॅटचा हॅलोजन दिला की खूश. छोटा एलईडी दिला की थरथर. सभागृहात वर्षानुवर्षं लाईट करणारे काका हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतात : “हो डबो मेल्लो नाय हा गो बाय. तेका खावक व्हया. तुमी तेच्या ताटात एक शीत वाढतास, मग तो थरथरतलोच.” बंद म्हणून नोंदलेल्या पाचपैकी दोन चॅनलची गोष्ट खरंच एवढीच निघाली. कोणीतरी त्यांच्यावर एलईडी लावून बघितले होते. हे एलईडीच्याही जिवावर बेतू शकतं, कारण त्याच्या पोटातल्या इलेक्ट्रॉनिक्सला सलग वीज हवी असते, कापलेली नाही.

दोन प्रयोग, एकच सभागृह

पावसाळ्यात तिथे मी एकाच मंडळाचे ट्रिकसीनवाले दोन दशावतारी प्रयोग पाहिले. पहिल्याला भाड्याने आणलेले एलईडी पार होते, दुसऱ्याला चालू असलेले सात जुने चॅनल.

पहिल्या प्रयोगात देव प्रकट होतो त्या प्रसंगाला रंगमंच निळा झाला. निळा म्हणजे गडद निळा, आणि त्यात कोणाचाच चेहरा दिसेना. राजपार्टीचा पिवळसर रंगवलेला चेहरा स्वस्त एलईडीच्या ‘पांढऱ्या’त हिरवट दिसत होता. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला पांढरा डोळ्याला पांढरा वाटतो, पण त्यात मधले बरेच रंग नसतातच, त्यामुळे कातडीचा आणि रंगभूषेचा रंग बिघडतो. त्याहून मोठी अडचण अंधार करताना आली. प्रकाश पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला आणि शेवटच्या पायरीवरून पडला. कंट्रोलच्या डीएमएक्स भाषेत, जी १९८६ साली ठरली, एका चॅनलला २५६ पातळ्या मिळतात. वरच्या बाजूला त्या भरपूर होतात. मंद प्रकाशात मात्र डोळा फार चिकित्सक असतो आणि एकेक पायरी मोजतो. चांगले एलईडी यावर इलाज करतात. भाड्याचे करत नाहीत.

दुसऱ्या प्रयोगात काकांनी पट्टी खाली ओढली आणि प्रकाश विझत असताना तांबूस झाला. हॅलोजनची तार थंड होते तशी ती लाल होते आणि पट्टी शून्यावर गेल्यावरही क्षणभर धुगधुगत राहते. त्या क्षणात देवाचा चेहरा पूर्ण नाहीसा झाला नव्हता. माझ्या शेजारच्या आजींचा हात नमस्काराला वर गेला तो नेमका तेव्हा. पहिल्या प्रयोगात तो हात उचलायला वेळच मिळाला नव्हता. माझ्या लेखी हे समीक्षेचं विधान आहे : त्या ट्रिकसीनमधली भक्ती बऱ्याच अंशी त्या विझण्याच्या वेळेत होती.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. दुसऱ्या प्रयोगात मुकुट, दागिने, भरजरी कपडे घातलेले नट हॅलोजनच्या उष्णतेने घामाघूम झाले होते. मध्यंतरापूर्वीच एकाच्या गालावरून रंग ओघळला. आणि पायपेटीचा स्वर थांबला की स्पीकरमधून डिमरची घरघर ऐकू येत होती.

‘परंपरा’ हा शब्द मी चुकीचा वापरला

पत्रात मी लिहिलं होतं की जुना डिमर दशावताराच्या परंपरेचा भाग आहे. हे खोटं आहे. जत्रेतला दशावतार पलित्यांच्या उजेडात झाला, मग गॅसबत्तीत, मग ट्यूबलाईट आणि हॅलोजनमध्ये. त्या प्रकाशाचं काम एकच : रात्रभर चेहरे दिसू देणं. एका बाकड्यावर राजदरबार उभा करणाऱ्या या कलेला प्रकाश मंद करायची गरज नव्हती. काळा संकासुर लाल जीभ काढून येतो तेव्हा तो भर उजेडातच भीती घालतो. प्रकाश हळूहळू विझवणं दशावतारात आलं ते ट्रिकसीनसोबत, बंदिस्त रंगमंचाकडून उसनं घेऊन. डिमर इथे पाहुणा आहे. चांगला पाहुणा आहे, पण त्याला घरातला म्हातारा म्हणून मिरवायला नको.

जपायचं काय, तर प्रकाश बदलण्याची ती पद्धत. लोखंडी डबा तिच्यासाठी आहे. साधन साधं असलं म्हणून काही अडत नाही, हे भारतीय रंगभूमीला तापस सेन यांनी केव्हाच दाखवलंय. १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात, उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’मध्ये, त्यांनी खाणीत चढत जाणारं पाणी नुसत्या प्रकाशाने उभं केलं होतं.

वीजबचतीचं गणित

कमिटीचा मुद्दा वीजबचतीचा होता. धरून चालू की वर्षात २० संध्याकाळी रंगमंचाचे दिवे लागतात, दर वेळी ३ तास. हजार वॅटचे १२ दिवे, सरासरी निम्म्या ताकदीवर, म्हणजे ६ किलोवॅट. वर्षाला ३६० युनिट. त्याजागी दीडशे वॅटचे १२ एलईडी असते तर ५४ युनिट. वाचले साधारण ३०० युनिट. आता ७५ वॅटचे २० पंखे घ्या. ते २०० तास चालले की तेवढेच ३०० युनिट जातात. लग्नसराईत ते कधी होतं ते कळतसुद्धा नाही. रोज दोन प्रयोग होणाऱ्या शहरी नाट्यगृहात एलईडीची बचत खरी असते. इथे, फक्त बचतीच्या नावाखाली, चालू वस्तू फेकायला हे कारण पुरत नाही.

युरोपात २०१८ साली असाच वाद झाला. दिव्यांच्या नव्या नियमांत रंगमंचाचे टंगस्टन दिवेही बाद होणार असं दिसल्यावर तिथल्या नाट्यकर्मींनी मोहीम उघडली आणि रंगमंचासाठीच्या काही दिव्यांना सूट मिळवली. त्यांचं म्हणणं होतं की घरातल्या दिव्याचा निकष रंगमंचाला लावू नका. आपण अजून निकषच लिहिलेले नाहीत.

लिहिले नाहीत की काय होतं, ते जवळच पणजीत दिसलं. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी नूतनीकरणानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडली आणि प्रकाश व ध्वनी या दोन्हींबद्दल नाट्यकर्मींच्या तक्रारी सुरू झाल्या. शेवटी २०२४ मध्ये सरकारला कृती दल नेमावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेचं हे, तर आमच्या सभागृहाचं काय?

माझं पत्र जिथे धोकादायक होतं

आता न आवडणारा भाग. काकांनी एके दिवशी पॅकचं झाकण उघडलं. आत पालीची अंडी, चोकवर गंज (समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस), आणि न्यूट्रलचा टर्मिनल काळा पडलेला. जळून काळा.

कारण समजून घेण्यासारखं आहे. तीन फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधल्या विजा एकमेकींना छेदतात आणि तिथे जवळपास काही उरत नाही. म्हणून जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल बारीक टाकायची पद्धत होती. पण डिमर लहर कापतो तेव्हा तयार होणारे काही प्रवाह एकमेकांना छेदत नाहीत, उलट बेरीज होते. न्यूट्रलमधून फेजपेक्षाही जास्त वीज जाऊ शकते. बारीक वायर, गंजका स्क्रू, वर कापडी पडदे, बाजूला लाकडी विंग. मी ‘सगळं ठेवा’ म्हणाले होते ते या सगळ्यासकट.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ साली शाहू महाराजांच्या काळात उघडलेली वास्तू. लाकूड, कापड आणि रंग यांनी भरलेली जागा किती झपाट्याने जाते, ते त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर कुठल्याही जुन्या पॅकबद्दल नुसत्या प्रेमाने लिहिणं मला जमत नाही.

मग काय ठरलं

दुसरं पत्र एका पानाचं होतं. ‘जुनं की नवं’ हा प्रश्न सोडून प्रत्येक वस्तूला वेगळं विचारायचं : तू इथे कुठलं काम करतेस?

लोखंडी बार, हुक, हॅलोजनच्या पेट्या चांगल्या होत्या, ठेवल्या. फार जुन्या पेट्यांच्या शेपटीला ॲस्बेस्टॉसचं आवरण असू शकतं. तशा दोन वाटल्या, त्यांना हात न लावता बाजूला काढल्या. दोन पॅकपैकी एक दुरुस्तीला गेला, दुसरा त्याचे सुटे भाग म्हणून राहिला. सहा चॅनल, प्रत्येकावर एक हजार वॅटचा दिवा, फक्त समोरून चेहऱ्यावर येणाऱ्या प्रकाशासाठी. तिन्ही फेजवर दोन-दोन वाटले की एका फेजवर नऊ अँपिअरच्याही आत. न्यूट्रल नवीन आणि जाड, मेगर लावून इन्सुलेशनची तपासणी, अर्थिंग, आणि अर्धा तास पूर्ण भार देऊन प्रत्येक टर्मिनलचं तापमान बघणं. यात नापास झाला तर तोही भंगारात, रडायचं नाही.

रंगासाठी एलईडी, पण डिमरवर नाही, थेट लाईनवर. जुना पॅक शून्य ते दहा व्होल्टची भाषा बोलतो आणि नवा कंट्रोल डीएमएक्सची. दोघांमध्ये दुभाषा म्हणून एक छोटा कन्व्हर्टर लागतो. मग एकाच पट्ट्यांवर दोन्ही चालतात. लग्नाला आणि शिबिराला डिमरला हातच लावायचा नाही, त्यासाठी साधे दिवे आणि साधं बटण.

कमिटीने हे मान्य केलंय. पॅक अजून दुरुस्तीहून यायचाय. काकांनी एक अट घातली : शाळेतली दोन मुलं त्यांच्या हाताखाली पाहिजेत, नाहीतर पट्टी ओढायला उद्या कोण? ही अट माझ्या दोन्ही पत्रांत नव्हती.

राहिलं ते परीक्षणातलं वाक्य. यापुढे ‘पूरक’ लिहिण्याआधी मी स्वतःला तीन गोष्टी विचारणार आहे. चेहरा दिसला का, आणि त्याच्या खऱ्या रंगात दिसला का? अंधार झाला तेव्हा तो उतरला की पडला? आणि त्या अंधारात आवाज कसला येत होता? उत्तरं तीन ओळींत मावतात. पण पुढच्या वेळी एखाद्या कमिटीसमोर कोटेशन येईल, तेव्हा या तीन ओळी तरी त्यांच्या हातात असतील.