विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ : एक उपेक्षित कादंबरी

मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने लिहिलेला ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा कथासंग्रह वादळी ठरला. सुशिक्षित, अविवाहित स्त्रीची घुसमट मांडणारी लेखिका हीच त्यांची ओळख पुढे रूढ झाली. या ओळखीच्या छायेत ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी झाकोळली गेली. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींची, तारेच्या कुंपणातील वसाहत हा तिचा विषय होय. सोलापूरच्या अशा वसाहतीत लेखिकेने काम केले होते. त्यामुळे येथे दारिद्र्याचे केवळ करुण चित्रण नाही. सुधारणेच्या नावाखाली माणसांना कोंडणाऱ्या व्यवस्थेचे दर्शन आहे. स्त्रियांचे कथालेखन म्हणजे चार भिंतींतील अनुभव, या गृहीतकावर वाङ्मयेतिहास लिहिल्यास ‘बळी’चे यथार्थ मूल्यमापन संभवत नाही.